आखूड पाते आणि लांब पाते

तलवार उपसून अंगावर धावून आलेल्या मनुष्याच्या हातून, आपल्यापाशी वीतभर सुरीखेरीज दुसरे काही नसताना, ती तलवार सोडविता येईल काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. लांब हत्यारापुढे आखूड हत्याराने माघार घ्यावयाची, हा व्यवहार उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्यालाही ठाऊक असतो. तथापि ज्यांचे जीवित या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते, त्यांनी तो कधी पोरकट मानला नाही. जपानात त्याचे एक शास्त्रच झाले, आणि आज जगभर शिकविल्या जाणाऱ्या आयकिडो या विद्येत त्या शास्त्राचे धडे अजूनही गिरविले जातात. आपल्याकडे बनोट, बांक, जंबिया या नावांनी तीच विद्या आखाड्यांतून नांदली. आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील एका अत्यंत आणीबाणीच्या क्षणी, प्रतापगडाखाली उभारलेल्या शामियान्यात, त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने द्यावे लागले.

त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी तलवारीचा स्वभाव थोडा समजून घेणे इष्ट आहे. तलवारीचे सारे पाते सारखेच भयंकर असते, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाही. फिरत्या चाकाची कड वेगाने धावते आणि आसाजवळचा भाग संथ फिरतो, तशीच तलवारीची गोष्ट आहे. टोकाकडील तिसरा हिस्सा हा वाराचा खरा मालक. मुठीजवळच्या चार बोटांत तो वेगही नाही आणि ती कापही नाही. यावरून असे निघते की, तलवारीपासून पाच-सहा हात दूर असलेला मनुष्य सुरक्षित आहे, आणि तलवार धरणाऱ्याच्या छातीला छाती भिडविलेला मनुष्यही जवळजवळ तितकाच सुरक्षित आहे. मृत्यू आहे तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. घाबरलेला मनुष्य नेमका त्याच पट्ट्यात उभा राहतो; तो धड मागे पळत नाही आणि धड पुढेही जात नाही, हात वर करून डोके झाकतो, आणि वार हातावर घेतो. आखूड हत्याराची सारी विद्या म्हणजे हा मधला पट्टा एका श्वासात ओलांडण्याची विद्या होय. सुरीने तलवार अडविता येत नाही. सुरीने फक्त आत शिरण्याची वाट क्षणभर मोकळी ठेवता येते, आणि एकदा आत शिरल्यावर मात्र लांब पाते हेच ज्याच्या हाती आहे त्याला अडचणीचे होऊन बसते.

आता प्रतापगडचा प्रसंग. तारीख १० नोव्हेंबर १६५९. अफजलखान व शिवाजीमहाराज यांच्या भेटीची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते, परंतु ती बहुधा खान पडल्याबरोबर संपविली जाते. वस्तुतः या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराममहाराजांच्या कारकिर्दीत, जिंजीस असताना, आपली बखर लिहिली. घटनेस तेव्हा चार दशकांच्या आसपास लोटली होती. पण सभासद हा दरबारी मनुष्य होता, आणि हातघाईच्या त्या क्षणांचे त्याचे वर्णन एखाद्या जाणत्या पटाईताने सांगावे तसे नेमके आहे.

सय्यद बंडा हा खानाकडील नामांकित पटाईत. भेटीच्या वेळी हा जवळ नसावा म्हणून महाराजांच्या बाजूने आधीच हरकत घेण्यात आली होती आणि त्यास दूर उभे करण्यात आले होते. ही हरकत म्हणजे या विद्येचा पहिला धडाच समजावा: लांब हत्यार असलेल्या निष्णात माणसाशी गाठ पडूच नये अशी आधी तजवीज करावयाची. भेटीत खानाने महाराजांची मान बगलेत दाबून कट्यारीचा वार केला. परमानंदाच्या शिवभारतातही महाराजांनी मान सोडवून, अंग आक्रसून तो वार चुकविल्याचे वर्णन आहे. अंगाला अंग भिडलेले असताना लांब तलवार कोणाच्याच कामाची नव्हती. तेथे वाघनखे आणि बिचवा हीच शस्त्रे चालली. खान कोसळला, आणि नंतर सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला.

पट्टा हे हत्यार ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबण असते, तिच्या आतील आडव्या दांडीला पकडावयाचे. पाते लांब, दुधारी व लवचिक, आणि ते हाताच्या रेषेतच पुढे निघालेले असते. यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून व कंबरेतून येतो, आणि पटाईत स्वतःभोवती फिरू लागला म्हणजे चहूंकडे पात्याचे कुंपण उभे राहते. ज्या हातात पट्टा चढविला आहे त्या हातातून तो झटक्याने हिसकावून घेणे जवळपास अशक्य. तलवार पकडणाऱ्याचे मनगट पिळता येते. पट्ट्याच्या बाबतीत मनगट लोखंडाच्या आत बसलेले असते.

सभासद सांगतो की, महाराजांनी जिवा महालापाशी असलेला आपला पट्टा घेतला, आणि पट्टा व बिचवा यांची कातर करून सय्यद बंडाचे चार वार ओढून घेतले. 'कातर' हा शब्द येथे फार मोलाचा आहे. एका हातात लांब पाते, दुसऱ्या हातात वीतभर बिचवा, दोन्ही एकमेकांवर आडवी धरावयाची. शत्रूचे पाते त्या दुबेळक्यात पडावयाचे. एकटा बिचवा पट्ट्याखाली चिरडला गेला असता आणि एकटा पट्टा वार टोलवून परतवू शकला असता, पण धरून ठेवू शकला नसता. दोन्ही मिळून वार धरतात. लांब पाते भार घेते आणि आखूड पाते कवाड लावते. सुरीचे काम काय, याचे इतके उत्तम उत्तर अन्यत्र क्वचितच सापडेल. युरोपातही सोळाव्या-सतराव्या शतकांत उजव्या हाती तलवार आणि डाव्या हाती खंजीर घेऊन लढण्याची पद्धत होती, तिच्यातही डाव्या हाताचे काम हेच.

परंतु चार वार ओढले, पाचवा यावयाचाच होता. तो पाचवा वार महाराजांवर पडणार इतक्यात जिवा महालाने फिरंगेचा घाव सय्यद बंडाच्या खांद्यावर घातला आणि हत्यारासकट हात तोडला. हात हत्यारासकट का तुटला, याचे कारण वर सांगितलेल्या पट्ट्याच्या रचनेत असावे असे वाटते. त्या माणसाला निःशस्त्र करण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पट्टा आणि हात ही एकच वस्तू झाली होती. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण लोकांनी भक्तीपोटी केली असे मानले जाते, पण तिच्यात शस्त्रविद्येचा एक रोकडा हिशेबही आहे. उत्तम कौशल्याने चार वार थांबतात. पाचव्यासाठी दुसरा मनुष्य लागतो.

या सर्वात बिचव्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, ही जरा चमत्कारिक गोष्ट आहे. वाघनखांवर मात्र वादांचे डोंगर झाले. सातारचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून गेलेली आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवलेली वाघनखे २०२४ च्या जुलै महिन्यात तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली व प्रथम साताऱ्यात मांडली गेली. ती तीच की दुसरी, हे खात्रीने सांगता येत नाही असे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. लोकांनी रांगा लावून ती पाहिली हे ठीकच झाले. पण ज्या कातरीने चार वार झेलले तिचा उल्लेखही त्या गर्दीत हरवला.

याच बखरीतील दुसरा प्रसंग उलट बाजूचा आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे व उदेभान यांची गाठ पडली. झुंजीत तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून त्याने वार घेतले. त्याच्या शौर्यात उणे काहीच नव्हते, प्रतिपक्षीही तोलामोलाचा होता, दोघेही पडले. ज्याला मधल्या पट्ट्यात उभे राहून उघड्या हातावर वार घ्यावे लागतात, त्याची ही गत शूरातल्या शूरालाही चुकत नाही. प्रतापगडी कातर होती आणि बाजूस जिवा होता. कोंढाण्यावर ढाल गेली आणि त्या घटकेस बाजूला कोणी नव्हते. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचले म्हणजे पोवाड्याच्या आवेशात जे दिसत नाही ते दिसू लागते.

ढालीवाचून लढण्याच्या याच संकटातून बनोट निपजली असावी. 'बिन-ओट', म्हणजे आडोशावाचून, अशी या शब्दाची फोड सांगतात. लखनौचे लेखक अब्दुल हलीम शरर यांनी आपल्या शहराच्या जुन्या विद्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात या कलेला मानाचे स्थान आहे. प्रतिपक्ष्याच्या हातातील शस्त्र पाडावयाचे हा तिचा उद्देश, आणि साधन म्हणून काय, तर रुमालाच्या टोकास बांधलेला एक पैसा! ऐकून हसू येते. परंतु गाठ मारलेल्या त्या रुमालाचा फटका बोटांच्या सांध्यावर किंवा डोळ्याजवळ बसला तर तलवारीची पकड क्षणभर तरी सैल होतेच, आणि या विद्येला क्षणभरच हवा असतो. महाराष्ट्रात ही परंपरा आखाड्यांनी सांभाळली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकराव यांनी, अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, आणि कोल्हापूरच्या पेठांतील वस्तादांनी लाठी, बोथाटी, फरीगदका, जंबिया हे प्रकार शिकविले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून ही माहिती कागदावर उतरविली, म्हणून ती निदान वाचावयास तरी मिळते. फरीगदक्यात चामडे मढविलेली काठी ही तलवार आणि चामड्याची लहान ढाल ही फरी. मुलाने आधी याच्यावर हात बसवावयाचा, अंगावर पुरेसे वळ उठले म्हणजे मग पोलाद. शिकविण्याचा हा क्रम शहाणपणाचा होता.

जपानी विद्येची कथा याहून वेगळ्या वळणाची आहे. सोळाव्या शतकातील कामिइझुमी नोबुत्सुना या तलवारबहाद्दराविषयी असे सांगतात की, एका पिसाटाने लहान मूल पकडून झोपडीत दडी मारली असता याने डोके मुंडून घेतले, भिक्षूचा वेष उसना घेतला, आणि भाताचे मुटके घेऊन तो दाराशी गेला. पहिला मुटका मुलासाठी फेकला, दुसरा त्या पिसाटासाठी. तो झेलावयास हात मोकळे झाले, आणि त्याच क्षणी नोबुत्सुनाने त्यास धरले. अकिरा कुरोसावा याच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई' या चित्रपटात हा प्रसंग थोड्या फरकाने आला आहे. लखनौचा रुमाल आणि जपानचा भात यांत तत्त्वतः काय अंतर आहे? दोन्हींचे काम एकच, हाताला क्षणभर दुसरीकडे गुंतविणे. याच नोबुत्सुनाचा शिष्य याग्यू मुनेयोशी. त्याने हाती काही नसताना तलवार काढून घेण्याची 'मुतो-दोरी' ही कला सिद्ध केली. १५९४ मध्ये तोकुगावा इएयासूने स्वतः लाकडी तलवार घेऊन त्याच्यावर चाल केली, आणि ती तलवार इएयासूच्या हातून गेली. मुनेयोशी तेव्हा साठी उलटलेला होता! इएयासूने त्यास आपल्या पदरी येण्यास विनविले. वयाकडे बोट दाखवून त्याने आपल्या जागी मुलगा मुनेनोरी याला पुढे केले.

आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३ ते १९६९) हे याच वातावरणात वाढले. सोकाकू ताकेदा या गुरूकडून १९१५ पासून त्यांनी दाइतो-र्यू ही झोंबीची विद्या घेतली, तीत तलवारीच्या हालचाली मिसळल्या, आणि १९४२ पासून त्यांच्या पद्धतीस आयकिडो हे नाव रूढ झाले. तलवार काढून घेण्याच्या धड्यांना तेथे 'ताचिदोरी' म्हणतात. अंतर राखणे म्हणजे 'मा-आई', आणि आत शिरणे म्हणजे 'इरिमी'. हाती आखूड पाते असेल तर करावयाचे ते असे. तलवार वर जात असताना पाऊल तिरपे पुढे पडले पाहिजे. वार खाली येऊ लागल्यावर निघालेले पाऊल उशिराचे असते. शरीर वाराच्या रेषेतून बाजूला होऊन तलवारधाऱ्याच्या खांद्याशी येते. आपले आखूड पाते त्याच्या पात्यावर आपटावयाचे नाही, नुसते टेकवून त्याच्याबरोबर खाली जाऊ द्यावयाचे, म्हणजे ते पुन्हा वर उठताना कळते. दुसरा हात त्याच्या कोपरावर किंवा दोन मुठींच्या मधल्या जागेवर. तेथून पुढे ताकदीचे काम थोडे. त्याच्याच वाराचा झोक त्याला पुढे ओढून नेतो आणि मूठ आपण होऊन उलटते.

ऐकावयास हे सोपे वाटते, आणि प्रदर्शनात तर फारच सुंदर दिसते. परंतु प्रदर्शनातील हल्लेखोर एकच वार करतो, आणि तो करून जरा थांबतो. सय्यद बंडा थांबला नाही. सभासदाने मोजलेले चार वार व पाचवा, हे एका ओळीचे लिखाण आधुनिक क्रीडागृहांतील कित्येक मनोहर प्रयोगांवर पाणी ओतणारे आहे. यास्तव ही विद्या शिकू नये असा अर्थ कोणी करू नये. ती शिकविताना दुसरा वार येणारच हे पहिल्या दिवसापासून शिकविले पाहिजे, एवढाच अर्थ.

जागेचाही विचार यात आलाच. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला तो तोफांनी व सुरुंगांनी; पण तटाला पडलेल्या खिंडारातून आत घुसणाऱ्याला शेवटी हाताच्या अंतरावरच लढावे लागते, आणि तेथे लांब पाते दगडाला अडते. त्याच वसईच्या उत्तरेस, विरारला जीवदानीच्या डोंगराच्या सावलीत फुलपाड्याची वस्ती आहे. आता तेथे इमारतींची दाटी झाली आहे. अशा इमारतीच्या अरुंद जिन्यात किंवा दोन बिऱ्हाडांमधल्या बोळकांडीत लांब हत्यार आडवे फिरत नाही. ते फक्त वरून खाली येते किंवा भोसकते. म्हणजे हल्लेखोराचे अर्धे वार भिंतींनीच रद्द केलेले असतात. मैदानात गाठ पडली तर मात्र पळण्याइतके शहाणपण दुसरे नाही, आणि त्यात लाजण्याचेही काही नाही.

हे सारे जुन्या काळचे झाले, असे एखाद्याच्या मनात येईल. नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद धारदार पाते परवान्यावाचून बाळगण्यास शस्त्रविषयक कायद्याने मनाई आहे. तलवार भिंतीवर गेली. पण शेतातला कोयता शहरात आला. पुण्यास सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी भरदिवसा एका तरुणाने एका विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला केला. ती जीव घेऊन धावत होती, आजूबाजूस माणसे होती, बहुतेक जागीच थिजली. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण मात्र पुढे झाला आणि तिच्या डोक्यावर पडणारा वार त्याने हल्लेखोराचा हातच धरून थोपविला. पाठोपाठ दुसऱ्या तरुणाचे साहाय्य मिळाले आणि कोयता हातून सुटला. पाते धरावयास जाणाऱ्याची बोटे जातात. त्याने हात धरला. मुद्दाम अभ्यास करून जे वर्षांनी येते ते त्या घटकेस त्याच्या हातून आपोआप घडले, आणि मुलगी वाचली.

ज्या व्यायामशाळांतून जंबिया किंवा आयकिडो शिकविले जाते, तेथे एक साधा प्रयोग अवश्य करून पाहण्यासारखा आहे. लाकडी तलवारीच्या कडेला खडूची ओली भुकटी चोपडावी, शिकणाऱ्याने काळा सदरा घालावा, आणि हल्लेखोराला एक नव्हे, पाच वार सलग करण्यास सांगावे, तेही त्याच्या मर्जीप्रमाणे. मग सदरा उतरवून पांढऱ्या रेघा मोजाव्यात. पहिल्या महिन्यात छातीवर व हातांवर इतक्या रेघा निघतील की सदरा काळा होता की पांढरा हे ओळखू येणार नाही. सहा महिन्यांनी त्या कमी होऊन बहुतेक कोपराच्या खाली उतरतात. त्यानंतर याच प्रयोगात आणखी एका विद्यार्थ्यास बाजूला उभे करावे आणि त्याला एकच काम द्यावे, चौथ्या वारानंतर हल्लेखोराचा खांदा धरण्याचे.